बाबांच्या हातात काय द्यायचं

माझ्या धंद्यात नाक-डोळे अवघड नसतात. अवघड असतात ते हात. लोक माझ्याकडे घरातल्या माणसाचं तैलचित्र करून घ्यायला येतात. बहुतेक वेळा तो माणूस गेलेला असतो आणि बहुतेक वेळा तो पुरुष असतो. सोबत एक फोटो आणतात. फोटो आधार कार्डावरचा असतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला, ज्यात त्याच्या हातात आइस्क्रीमची वाटी असते. चेहरा जमून जातो. मग मी विचारतो, हातात काय द्यायचं? आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात.

बाईच्या चित्राच्या वेळी हा प्रश्न कधी येत नाही. बाईचे हात मांडीवर एकावर एक ठेवले की झालं, इतक्या वर्षांत एकाही घराने त्याला हरकत घेतलेली नाही. पुरुषाचे हात तसे ठेवले तर तो चौकीत बसवून ठेवल्यासारखा दिसतो. म्हणून त्याला काहीतरी द्यावं लागतं. डोंबिवलीच्या एका मुख्याध्यापकांना मी पुस्तक दिलं. एका बांधकाम ठेकेदाराला गुंडाळलेला नकाशा दिला. एसटीत कंडक्टर होते त्या गृहस्थांना मुलांच्या आग्रहावरून मोटारीची किल्ली दिली, त्यांनी आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलं नव्हतं तरी. मनगटावर घड्याळ तर मी न विचारताच घालतो. घड्याळाला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ठाण्याजवळच्या बाळकुमचे एक गृहस्थ आले. त्यांच्या वडलांनी आधी मिठागरावर आणि मग स्वतःच्या तुकड्यावर भातात जन्म काढला होता. त्या तुकड्यावर आता उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यातल्या एका इमारतीच्या दिवाणखान्यात वडलांचं चित्र लावायचं होतं. फोटोत वडील बनियन घालून खाटेवर बसलेले आणि हात दोन्ही रिकामे.

“मास्तर, हातान कासरा पायजे,” ते म्हणाले. “रिकामे हाताचा मानूस बरा नाय दिसत.”

कासरा म्हटल्यावर त्याच्या दुसऱ्या टोकाला बैल आलाच. बैल होता का, असं मी विचारलं.

“व्हता. पन येवढा नव्हता. तुमी येवढा करा.”

मी एवढा केला. वडील लहान दिसायला लागले म्हणून त्यांना छाती दिली, छाती आल्यावर बनियन शोभेना म्हणून फेटा आणि सदरा दिला, आणि मुठीत कासरा. मूठ चांगली जमली होती. चित्र सहा फुटी होतं. माझी राहायची आणि कामाची खोली एकच, ती दिवा स्टेशनजवळ. तिथे सहा फुटी चित्र ठेवलं तर मला बाहेर झोपावं लागेल, म्हणून वाळेपर्यंत ते डोंबिवलीला आईबाबांच्या हॉलमध्ये उभं केलं. महिनाभर आई समोरच्या खुर्चीत बसून बैलाकडे बघत होती.

आईला तेव्हा नुकताच अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. बोलणं परत आलं, पण सावकाश, एकेक शब्द निवडून आणल्यासारखं. तिचे केस कमरेच्या खालपर्यंत होते. हॉस्पिटलमधल्या सिस्टरने दुसऱ्याच दिवशी सांगितलं, केस कापून टाका, तुम्हालाच सोपं जाईल. आईला त्या दिवशी बोलता येत नव्हतं. तिने डावा हात उचलून वेणीवर ठेवला आणि तो काढलाच नाही. बाबांनी सिस्टरला सांगितलं, “केस राहतील. पुढचं मी बघतो.”

बाबा आंबिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते. ‘मी बघतो’ म्हणाले की ते बघतात. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर आत्या आठ दिवस येऊन राहिली, ती रोज आईची वेणी घालायची. सातव्या दिवशी बाबा तिला म्हणाले, कसं करतेस ते दाखव जरा. आत्या इतकी हसली की तिला पलंगावर बसावं लागलं. पण तिने दाखवलं. ती गेल्यावर बाबांनी आपल्या पायजम्यांच्या तीन नाड्या काढल्या, मागच्या खिडकीच्या ग्रिलला गाठ मारून बांधल्या आणि आई दुपारची झोपली की तिथे उभं राहून सराव करायला लागले. त्या पंधरा दिवसांत ते घरातही पँट घालूनच वावरायचे.

मग सुरू झालं ते असं. सकाळी साडेसातला बाबा दाराला कडी घालायचे, हॉलचा पडदा ओढायचे, आईला खुर्चीत बसवून मागे उभे राहायचे. आधी तेल, मग कंगवा, मग वेणी. आठला दहा कमी असताना कडी काढायचे. इमारतीत कुणाला पत्ता नव्हता. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी. पार्किंगवरून आणि टाकीच्या पाण्यावरून लोकांना झापणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी कधी टाळलं नाही. आईच्या वेणीचं विचारलं तर “बाई येते” म्हणायचे. समोरच्या काकूंनी त्या बाईचा नंबर मागितला तेव्हा म्हणाले, ती आता नवीन कामं घेत नाही.

मला हे सगळं ठाऊक होतं, कारण दिव्याला पाण्याची बोंब असल्यामुळे मी आंघोळीला डोंबिवलीला येतो. सातच्या सुमाराला टॉवेल खांद्यावर टाकून पोचतो. बाथरूममधून बाहेर आलो की समोर बाबा आणि वेणी. दोन वर्षं मी रोज ते बघत होतो आणि मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. केस पुसत पुसत मी चहाचं विचारायचो.

विशेष वाटायला लागलं ते गेल्या वर्षी. आम्ही सातजण चित्रकार, सगळे ठाणे-डोंबिवलीकडचे, आणि आम्ही मिळून ठाण्यात एक प्रदर्शन करायचं ठरवलं. विषय ‘पुरुष: प्रतिमा आणि प्रतीक’. सातही जण पुरुष होतो, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नाही. बैठकीत प्रत्येकाने आपापलं प्रतीक सांगितलं. एकाचा टाय होता, गळ्यापासून सुरू होऊन पंख्यापर्यंत जाणारा. एकाचं तोडलेलं झाड. एकाचा कोंबडा. एकजण स्वतःचंच उघडं चित्र काढणार होता, फक्त हेल्मेट घालून. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “पुरुषाच्या हातात वेणी.” मग टायवाला म्हणाला, “च्यायला, भारी आहे हे.” तेव्हा मला ते भारी वाटलं.

मी दिव्याच्या खोलीत, मनानेच, चित्र काढलं. पाठमोरी बसलेली बाई, मागे उभा पुरुष, त्याच्या हातात तिची वेणी. चार फुटी होतं. वाळायला म्हणून डोंबिवलीला आणलं, खरं म्हणजे दाखवायला आणलं. भिंतीला टेकवून उभं केलं. बाबा चष्मा बदलून आले. वाकून बघायला लागले. मी मनातल्या मनात त्यांच्या रागाला उत्तर तयार करत होतो.

“तिसरा पदर कुठाय?” ते म्हणाले.

“काय?”

“दोनच पदर काढलेस. दोन पदरांची वेणी नसते, तो पीळ झाला. आणि मूठ कशाला आवळलीय? वेणी मुठीत धरत नाहीत. हे काय, सामान चढवतोयस वर?”

मी बघितलं. ते बरोबर बोलत होते. चित्रातल्या माणसाने वेणी अगदी कासऱ्यासारखी धरली होती. इतकी वर्षं पुरुषांच्या हातात काय काय दिलं, पण ते सगळं मुठीत. माझ्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

आई खुर्चीतून बघत होती. तिने शब्द जमवले आणि म्हणाली, “त्या चित्रात बैल होता. ह्यात मी.”

बाबा हसले. मी हसलो नाही. मला खरंच लाज वाटली. चित्रात तिला तोंड नव्हतं, आणि हे मी मांडणीचा विचार करून, मुद्दाम केलेलं होतं.

“मी आहे का ह्याच्यात?” ती म्हणाली. “केस आहेत नुसते. माझं तोंड काढ.”

ते चित्र मी टाकून दिलं आणि नवीन सुरू केलं, तिथेच हॉलमध्ये. दुपारी दोन ते चार. बाबांना मी बोलावलं नव्हतं, पण चुकीचं काम समोर होत असताना गप्प बसणं त्यांना जमत नाही. ते आईचे केस सोडायचे, पुन्हा तीन भाग करायचे आणि मध्येच थांबून मला दाखवायचे. हा डावा पदर करंगळीच्या मागे, हा मधला दोन बोटांत, आणि हा येतोय. “ताण तिन्हींना सारखा पाहिजे,” ते म्हणायचे. “एक ढिला पडला की खालपर्यंत वाकडं जातं.” मी त्यांची बोटं काढायचो. दोन बोटांची नखं कारखान्यातच गेलेली होती. ती बोटं मी लहानपणापासून बघत आलो होतो, पण ती किती हळू चालू शकतात हे मला पहिल्यांदा दिसलं.

आईने गाऊनवर बसायला नकार दिला. हिरवी साडी नेसवायला समोरच्या काकूंना बोलवावं लागलं आणि त्यांना सांगितलं की फोटो काढायचाय. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलेली, ती काढू की नको ह्या विचारात मी रेंगाळत होतो. “वाकडं आहे ते वाकडंच काढ,” आई म्हणाली. “नाहीतर वाटेल, धडधाकट बाई बसून वेणी घालून घेतेय.” मग आणखी थोड्या वेळाने म्हणाली, “आणि वेणी एवढी घट्ट काढू नकोस. हे सैल घालतात. दुखेल म्हणून घाबरतात.” बाबा स्वयंपाकघरात चहा टाकत होते, त्यांनी ऐकलं नसावं. “दुपारपर्यंत सुटते. तू बोलू नकोस त्यांना.”

दीड महिन्यात चित्र झालं. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं ते, हे मला तेव्हाही कळत होतं आणि तिथेच घोळ झाला. बाबांनी चष्मा बदलून पुन्हा बघितलं. पदर मोजले.

“बरोबर आहे,” म्हणाले. “पण घरात राहील हे. आतल्या खोलीत लावू. बाहेर न्यायचं नाही.”

“बाबा, प्रदर्शनासाठी—”

“माझं काही नाही रे. लोक जिन्यात थांबवून बोलतील, हिच्याकडे बघायला येतील. ते नको. घरातलं घरात.”

मी ‘हो’ म्हणालो. तेव्हा मला ते मनापासून म्हणायचं होतं, असं मी स्वतःला आजही सांगतो.

प्रदर्शनासाठी मी दुसरं चित्र द्यायचं ठरवलं, मुख्याध्यापकांच्या चित्राचीच एक आवृत्ती, पुस्तक जळताना. ते मलाच बघवत नव्हतं. बाकी सहाजणांचे फोटो ग्रुपवर आले होते. कोंबडेवाल्याने विचारलं, वेणीचं काय झालं? मी वेणीच्या चित्राचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘फक्त बघायला’. त्यांनी बघितलं आणि संध्याकाळपर्यंत त्याचंच निमंत्रण तयार केलं. वर विषय, मध्ये बाबा आणि आई, खाली सातजणांची नावं. ‘उद्या दुपारी सगळीकडे सोडतोय, काही बदल असेल तर सांगा,’ असा निरोप आला. छापायचं नव्हतं, मोबाइलवरच जायचं होतं. एक फोन केला असता तर थांबलं असतं. मी अख्खी सकाळ फोनच्या शेजारी बसून काढली आणि केला नाही. एकदा तर उचलून नंबरही काढला होता.

निमंत्रण आंबिवलीला आत्याकडे पोचलं. तिने ते हात जोडलेल्या सहा चिन्हांसह आपल्या माहितीतल्या सगळ्यांना पाठवलं. चार तासांत ते सोसायटीच्या ग्रुपवर होतं. त्या ग्रुपचे ॲडमिन बाबा आहेत. त्यांनी ते काढून टाकलं. लोकांना तो त्यांचा विनय वाटला आणि तीनजणांनी ते पुन्हा टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल घेऊन गेलो. दार बाबांनीच उघडलं. आईची वेणी घालून झालेली होती, सात वाजायच्या आत. मी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “आंघोळ करून घे. नऊला पाणी जाईल.” त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी आंघोळ करून घेतली.

बाबांना वाटलं होतं लोक हसतील. हसण्याला ते तोंड देऊ शकले असते. पार्किंगच्या भांडणात त्यांनी याहून वाईट ऐकलेलं आहे. पण कुणी हसलंच नाही. लोकांनी कौतुक केलं. जिन्यात बायका थांबून म्हणायला लागल्या, काका, तुम्ही ग्रेट आहात. एकीने आपल्या नवऱ्याला खाली बोलावून बाबा दाखवले. समोरच्या काकूंना बाईच्या नंबराचा उलगडा झाला आणि त्यांचे डोळे भरून आले. पुरुष मंडळी तेवढी थट्टा करायची. “काय सेक्रेटरी, आमच्या हिचीपण घालून द्या की एकदा.” त्या लोकांशी बाबा त्या दिवसांत जरा जास्त बोलायचे. आणि पार्किंगमध्ये एकाची गाडी दोन दिवस आडवी उभी होती, तिच्या मालकाला ते काही बोलू शकले नाहीत, कारण तो त्यांना बघितल्यावर हात जोडत होता.

मग ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचे तिघे घरी आले. त्या वेळी मी तिथेच होतो. डोंबिवलीत माणसाने एखादी चांगली गोष्ट केली आणि ती उघडकीला आली की त्याचा सत्कार होतो, त्यातून सुटका नसते. शाल, श्रीफळ आणि ‘आदर्श पती’ असं लिहिलेलं स्मृतिचिन्ह, असा त्यांचा बेत होता.

“मी काही विशेष करत नाही,” बाबा म्हणाले.

“हेच! हेच तर सांगायचंय लोकांना,” त्यांच्यातले अध्यक्ष म्हणाले. “आणि एक कल्पना आहे. स्टेजवर पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक.”

“कशाचं?”

“वेणीचं. वहिनींना खुर्चीसकट वर घेऊ, आम्ही चौघं उचलू, तुम्ही काळजी करू नका. प्रेक्षकांकडे पाठ करून बसवू म्हणजे सगळ्यांना नीट दिसेल. तरुण पिढीला प्रेरणा मिळेल हो.”

ते अगदी मनापासून बोलत होते. बाबा म्हणाले, “बघू.” मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच ‘बघू’ म्हणताना ऐकलं. आतल्या खोलीत आई पलंगावर पडलेली होती आणि आमच्या घराच्या भिंती जाड नाहीत.

आदल्या दिवशी मी चित्र डोंबिवलीहून टेम्पोने ठाण्याला नेलं आणि प्रदर्शन उघडलं. आईबाबा येणार नव्हते, मी विचारलंही नाही. माझ्या चित्रासमोर गर्दी होती. एका समीक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वेणीचा सैलपणा म्हणजे पुरुषसत्तेच्या सुटत चाललेल्या पकडीचं प्रतीक आहे. मी मान डोलावली. दुखेल म्हणून सैल आहे, असं सांगणं तिथे बरं दिसलं नसतं. एका मुलीला तीन पदरांत भूत, वर्तमान आणि भविष्य दिसलं. हेल्मेटवाल्याच्या चित्रासमोर कुणी नव्हतं, तो माझ्याशी दिवसभर बोलला नाही.

दुपारी बाळकुमचे गृहस्थ आले. निमंत्रण मीच पाठवलं होतं. गळ्यात जाड साखळी, सोबत दोन माणसं. माणसांना बाहेर थांबवून ते एकटेच चित्रासमोर उभे राहिले. मी जवळ गेलो.

“तुमचे बाबा?”

“हो.”

ते चित्रातल्या बोटांजवळ वाकले. मग म्हणाले, “आमचे बाबा आयचे पायांना तेल लावाचे. मिठागरान काम करून तिचे पाय पार फाटलेले. रोज रातचे लावाचे.” गळ्यातली साखळी सारखी करत म्हणाले, “मी तुमाला सांगितला नाय ता. बैल सांगितला.”

मी म्हणालो, पाहिजे तर पुन्हा काढू. त्यांनी मान हलवली. “नको. आता पावने लोकांना बैलाची सवय झालीय.” जाताना त्यांनी वहीत अभिप्राय लिहिला: ‘छान’.

प्रदर्शन आठवडाभर होतं. ते दिवस मी ठाण्यातच एका मित्राकडे काढले, आंघोळीसकट. रविवारी शेवटचा दिवस, म्हणून शनिवारी सकाळी डोंबिवलीला गेलो. माझ्या डोक्यात असं होतं की एवढं कौतुक झालंय, आता बाबांचा राग गेला असेल, दोघांना गाडी करून घेऊन जाऊ. चित्रासमोर उभं करू. लोक ओळखतील त्यांना.

आई खुर्चीत बसली होती. तिचे केस मानेपर्यंत कापलेले होते.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “मीच सांगितलं. हे बँकेत गेले होते. खालच्या पार्लरवालीला मी फोन केला. डाव्या हाताने.” फोन डाव्या हाताने लावला ह्याचं तिला जास्त कौतुक असावं, ते तिने पुन्हा सांगितलं.

“पण का, आई?”

“मला पाठमोरं बसवणार होते स्टेजवर. उचलून.” ती थांबली, पुढचे शब्द जमवले. “ह्यांना नाही म्हणता येईना. सगळे हात जोडून येतात. भांडणार कुणाशी? मग म्हटलं, केसच नकोत. आता येऊ दे सत्काराला.”

बाबा खिडकीपाशी पेपर घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “बरं झालं. निगा राखायला सोपं.” हे हॉस्पिटलमधल्या सिस्टरचंच म्हणणं होतं. मग पान उलटून त्यांनी आईला विचारलं, “केस कुठे ठेवलेस?”

“तिने झाडून नेले की.”

“हं,” बाबा म्हणाले.

मला त्या वेळी त्यांची माफी मागायची होती. दोघांचीही. ते शब्द माझ्या तोंडाशी आले होते, आणि मी विचारलं काय, तर चहा झाला का. उद्याच्या गाडीचं मी काढलंच नाही.

कट्ट्याचे तिघे त्याच दिवशी संध्याकाळी आले. आईकडे बघून त्यांची पंचाईत झाली. अध्यक्ष म्हणाले, वहिनींना छान दिसतंय, आणि चहा न घेता गेले. पण शाल आणि श्रीफळ आणून झालेलं होतं, म्हणून पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा सत्कार झाला. ते रोज सूर्यनमस्कार घालतात. त्यांनी स्टेजवर बारा घालून दाखवले.

प्रदर्शन संपल्यावर चित्र दिव्याला आणलं. ते भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं आहे. दोन ठिकाणांहून विचारणा झाली, मी कळवतो म्हणालो. आतल्या खोलीत लावू का, असं बाबांना विचारायची माझी हिंमत झालेली नाही, आणि त्यांनी ते कधी मागितलं नाही.

प्रदर्शन संपल्यावरच्या सोमवारी मी नेहमीसारखा आंघोळीला गेलो. बाथरूममधून बाहेर आलो तेव्हा साडेसात झाले होते. बाबांनी दाराला कडी घातली. पडदा ओढला. तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन ते खुर्चीच्या मागे उभे राहिले, चार थेंब तेल लावलं, कंगवा फिरवला. तीन-चार वेळा फिरवल्यावर काम संपलं. “झालं,” आई म्हणाली. बाबा तिथेच उभे होते. त्यांनी तिच्या मानेपाशी बोटं नेली, मधलं बोट आणि करंगळी वेगळी करून, आणि तिथे धरायला काही नव्हतं. मग त्यांनी तोच कंगवा स्वतःच्या डोक्यावरून फिरवायला सुरुवात केली. बाबांना केस फारसे नाहीत, कानांच्या वर थोडे आहेत तेवढेच. ते आधी डाव्या बाजूचे विंचरले, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. आठला दहा कमी होईपर्यंत ते विंचरत राहिले, आणि मग त्यांनी जाऊन कडी काढली.